खारीच्या कानाएवढे पान

मित्रांनो, मी एक जुना पांढरा ओक आहे. पांढरा म्हणजे दुधासारखा नव्हे. सालीवर राखेची थोडी झाक आहे, एवढेच. पण नाव पडले ते पडले. त्यावरून वाद घालत बसलो असतो तर वाढायला वेळ उरला नसता, आणि मला वाढायला मुळातच फार वेळ लागतो.

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात, कोंब्ज यांचे घर आणि त्यांचे मक्याचे शेत यांच्या मध्ये मी उभा आहे. आमचे फळ गोड, हीच आमच्या जातीची पहिली कटकट. लाल ओकाचे फळ कडू असते, म्हणून खारी ते पुरतात आणि विसरतात. आमचे मात्र पडल्या पडल्या खातात. त्यात आम्ही पानगळीतच मोड काढतो, तर खार तो मोड कुरतडून टाकते आणि मग फळ पुरते, म्हणजे उगवायची भीती नको. मी वाचलो, कारण कुठल्याशा खारीला घाई झाली असावी. तिचे उपकार मानले असते, पण तिच्या नातवंडांनी माझ्या फांद्यांवर जो धुडगूस घातला आहे त्यात ते कधीच फिटले.

लहानपणी हिवाळ्यात माझी पाने वाळायची, पण गळायची नाहीत. आमची रीतच तशी आहे. तरी दर हिवाळ्यात कोणीतरी येऊन म्हणायचे, मेला वाटतं हा. मग नखाने साल खरवडायचे, खाली हिरवे दिसले की निघून जायचे. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तेच नख.

मोठा झालो तसे मला काम मिळाले. या डोंगरात मका कधी पेरायचा, तर ओकाचे पान खारीच्या कानाएवढे झाले की. आता खार कोणती? करडी की तांबूस? तांबूस खारीचा कान मोठा असतो. यावरून माझ्या सावलीत सख्ख्या भावांनी बोलणे टाकलेले मी पाहिले आहे. खारीला कोणी विचारले नाही, मलाही नाही. या घरची म्हातारी ऑटी हिला तिच्या बापाने माप शिकवले होते. ती माझी खालची फांदी ओढायची, कोवळे पान अंगठ्याच्या पेरावर ठेवायची, आणि बरोबर बसले की शेताकडे वळायची. तिचा मका कधी थंडीत सापडला नाही. त्या दिवसांत मला फार मान होता.

मग ऑटीचे गुडघे दुखू लागले, आणि लेक व जावई इथे राहायला आले. जावई डॅरेल मनाने चांगला माणूस. तीच तर अडचण झाली. वाईट माणूस झाडाकडे बघतही नाही. मुळांशी ओल टिकावी म्हणून डॅरेलने माझ्या बुंध्याभोवती सालींचा चुरा रचला. ऑटी म्हणाली, केकवर मलई लावावी तसं दिसतंय. झाले, त्याला ते कौतुक वाटले. दर वसंतात जुन्या चुऱ्यावर नवा चुरा, आणि संध्याकाळी वर पाण्याचा पाइप. जमिनीला टेकतो तिथे मी रुंद होतो, ते माझे पाऊल. त्याला हवा लागते. पण ढीग मांडीएवढा झाला आणि माझे पाऊल आत ओले, कोंडलेले. कोंबड्या किड्यांसाठी तो ढीग उकरायला यायच्या. साऱ्या शेतात तेवढीच शहाणी मंडळी, आणि डॅरेल त्यांना झाडूने हाकलायचा.

माझी पाने लहान येऊ लागली, मग उशिरा येऊ लागली. एका वसंतात तर सगळ्या डोंगरात मका उगवला आणि ऑटीचे शेत उघडेच.

"जावईबापू, पान अजून उंदराच्या कानाएवढंच आहे," ती म्हणाली. "थांबायचं."

"आई, शेजारच्या क्लोव्हिसचा मका घोट्याला लागला. झाडाला विचारून पेरायचं तर निदान जिवंत झाडाला विचारा."

त्याच आठवड्यात माझी एक वाळकी फांदी खुराड्यावर पडली. पुढची घरावर येईल म्हणून मला तोडायचे ठरले. क्लोव्हिस करवत घेऊन आला. ऑटी पायरीवर बसली होती. तिने एवढेच विचारले, "मग मका कुणाला विचारून पेरू?"

क्लोव्हिसने आधी ढीग काढायला सांगितला, नाहीतर मातीत करवतीचे दात जातील. डॅरेल फावडे घेऊन उकरू लागला. आत साल काळी पडली होती, हाताला ओली लागत होती. ओलाव्याने फुटलेली बारीक मुळे माझ्याच गळ्याभोवती दोरीसारखी आवळली होती. डॅरेल फावडे धरून तसाच उभा राहिला.

क्लोव्हिस वाकून बघत म्हणाला, "याला मारायला मला कशाला बोलावलंस? तुझं छान चाललं होतं."

"मलई म्हणाले ती मीच," ऑटी पायरीवरून म्हणाली.

करवत गाडीत परत गेली. डॅरेलने गुडघ्यांवर बसून एकेक मूळ पटाशीने तोडले आणि सगळा चुरा लांब पसरला. त्या वर्षी ऑटीने क्लोव्हिसचे शेत बघून मका पेरला, आणि कणसे भरेपर्यंत त्यावरून कुरकुरत राहिली.

मित्रांनो, झाडावर प्रेम करायचे असेल तर जरूर करा, पण ते गळ्यापर्यंत रचू नका. माझे पाऊल उघडे ठेवा. कोंबड्यांना हाकलू नका. हिवाळ्यात नख लावू नका. पुढची वाढ मी माझी बघतो.

सावरायला मला वेळ लागला, तो लागतोच. आज ऑटीचा हात फांदीपर्यंत पोहोचत नाही, म्हणून डॅरेलने फांदी खाली वाकवून धरली आहे. कोवळे पान तिच्या अंगठ्याच्या पेरावर नीट बसले आहे. तो म्हणतो, करड्या खारीचा कान झाला. ती म्हणते, करड्या नव्हे, तांबूस खारीचा. माझी फांदी धरून दोघे मघापासून भांडत आहेत.

अरे, पेरा की एकदाचा मका.