रेल्वेचा पर्याय

उज्ज्वलाने कंपनीचं भलंच केलं, यात वाद नाही. ती ज्या छोट्या विमान कंपनीत कामाला होती, तिच्याकडे विमानं मोजकीच, पण तीही दोन जातींची. म्हणजे सुटे भाग दोन तऱ्हेचे, पायलट वेगळे, मेकॅनिक वेगळे. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्यात सुरत–जळगाव फेरीचं छोटं पंख्यांचं विमान जाताना भरायचं आणि येताना निम्मं रिकामं यायचं. छोटी विमानं विकून सगळी मोठी जेट ठेवावीत, असं तिने सुचवलं. मोठं विमान जळगावच्या धावपट्टीवर उतरवता येणार नव्हतं, म्हणून ती फेरी बंद.

"लोक ओरडतील ना?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना रेल्वेचा पर्याय आहे," ती पटकन म्हणाली. साहेब खूश झाले.

तिच्या आईला मात्र तो पर्याय नव्हता. सुरतेतल्या नवागामच्या कारखान्यात सुताच्या बॉबिन भरता भरता सरलाबाईच्या कमरेचा पार भुगा झाला होता. रेल्वे काय नि बस काय, तासभर बसणंही जमेना. विमान सुरू झालं, तेव्हा कुठे ती जळगावला अंथरुणाला खिळलेल्या धाकट्या बहिणीला, सखुबाईला, दोनदा भेटून आली. उज्ज्वलाला हे ठाऊक नव्हतं थोडंच! पण खुर्चीत बसलं की माणसाला आकडे दिसतात, आई दिसत नाही.

फेरी बंद होणार ही बातमी टीव्हीवर लागली, तेव्हा दोघी मायलेकी जेवत होत्या. सरलाबाईने ताट सारलं.

"आखाजीना सनले सखूकडे जावानं व्हतं मनं. ज्यानी बंद करं, त्याले माय नही का?"

उज्ज्वलाने हातातला घास खाली ठेवला. "माय, मीच सुचवलं ते. कंपनी तोट्यात होती गं."

सरलाबाईने उठून ताट मोरीत ठेवलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं उज्ज्वलाला वाटलं.

"तुनं बरोबर व्हई," आई म्हणाली. "पन सखूले तूच सांग. मनाघाई नही सांगावनार."

उज्ज्वलाने फोन लावला. तिला तोंड उघडू न देता मावशीच सुरू झाली. "उज्ज्वला, आखाजीले तू बी येजो बहीनना संगे! आठे मी सर्वास्ले सांगस, मन्ही भाचीनी मायकरता इमान चालू करं!"

"हो मावशी, येते," उज्ज्वला म्हणाली.

सरलाबाईने तोंड फिरवलं.