दहाला न चढलेला काटा

मित्रांनो, मला पाहिलेत तर आधी तुम्हाला वाटेल की हे एखादे बंद पडलेले घड्याळ आहे. गोल चेहरा, पितळी कड, काचेखाली एकच काटा. पण मी वेळ सांगत नाही. मी हवेचा दाब मोजतो. वायुभारमापक हे माझे नाव, आणि ते फारसे कुणी घेत नाही.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. ज्या कारागिराने मला घडवले त्याने तिच्यातली हवा काढून घेतली आणि डाग देऊन तिचे तोंड बंद केले. बाहेरची हवा जड झाली की डबी दबते, हलकी झाली की फुगते, आणि तेवढ्यावर काटा सरकतो. आतून रिकामे असणे हेच माझे काम.

कारागिराने माझ्या चेहऱ्यावर पाच शब्द कोरले होते: वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडे. ते शब्द थंड मुलखांसाठी होते. तिथे म्हणे काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. मला मात्र एका उष्ण बेटावर पाठवण्यात आले. टेकडीवरच्या वेधशाळेच्या खोलीत, टेलिफोनच्या वर, मला टांगले गेले. तिथे माझा काटा बारा महिने ‘बदल’ या शब्दापाशी उभा राहिला, आणि बदलले काहीच नाही.

त्या खोलीत एक निरीक्षक काम करत. बेटावरचे लोक त्यांना हवावाले म्हणत. ते सकाळी दहाला आणि दुपारी चारला माझ्यासमोर येत, काचेवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकत आणि वहीत आकडा लिहीत. मग खाली धक्क्यावर जाऊन फळ्यावर पुढच्या चोवीस तासांचा अंदाज लिहीत. उन्हाळा लागला की तो अंदाज आठवडेच्या आठवडे एकच असे: आकाश निरभ्र, वारा मंद, समुद्र शांत. तरी ते रोज फळा पुसत आणि तीच अक्षरे पुन्हा काढत.

धक्क्यावरून माणसांना समुद्रापलीकडे नेणारा लाँचवाला हसायचा. “हवावाले, नुसती तारीख बदला की. खडू तरी वाचेल.”

“कालचा अंदाज शिळा असतो,” ते म्हणायचे. “शिळं मी कुणाला वाढत नाही.”

निरीक्षकांना एक मुलगी होती. नऊ वर्षांची असताना एका दुपारी चारला ती स्टुलावर चढली आणि काटा खाली सरकलेला पाहून घाबरली. वडिलांना न विचारता ती धावत धक्क्यावर गेली आणि वादळ येतंय म्हणून ओरडत सुटली. माणसांनी होड्या ओढून घेतल्या. संध्याकाळ नेहमीसारखी निवांत गेली. त्या दिवसापासून बेटाने तिचे नाव वादळ ठेवले. धक्क्यावर ती दिसली की कुणीतरी म्हणायचेच, “आवरा रे, वादळ आलं.”

वडील रागावले नाहीत. त्यांनी तिला पुन्हा स्टुलावर उभे केले. “याच्यावरचे शब्द वाचू नकोस. घड्याळ बघून याला वाच. उष्ण मुलखात हा रोज दहाला दोन रेषा चढतो आणि चारला दोन उतरतो. चारला उतरला, तर ती त्याची सवय. दहाला चढला नाही, तर मात्र सगळं सोडून ये.”

पुढे ती शिकली आणि त्याच खोलीत वडिलांची सहायक म्हणून रुजू झाली. दोघांच्या दोन खुर्च्या होत्या. बोलणे थोडे, काम नेटके. माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षे.

मग एका वर्षी उन्हाळा नुकताच लागला होता, तेव्हा निरीक्षकांना छातीच्या दुखण्यासाठी समुद्रापलीकडच्या मोठ्या रुग्णालयात नेले. मुलीचा मोठा भाऊ सोबत गेला, ती कामासाठी मागे राहिली. काही दिवसांनी सकाळी त्याचा फोन आला. बाबा तुझी आठवण काढताहेत, आजच्या लाँचने ये, उशीर करू नकोस, असा निरोप. लाँच अकराला सुटायची. तिने पिशवी भरून दाराशी ठेवली आणि जाण्यापूर्वी दहाची नोंद घ्यायला माझ्यासमोर आली.

तिने दोनदा ठोकले. घड्याळ पाहिले. पुन्हा ठोकले. मी चढलो नव्हतो. कालच्या दहापेक्षा चार रेषा खाली होतो.

मुख्य कार्यालयाचा अंदाज शांत समुद्राचाच होता. खिडकीबाहेर आकाश स्वच्छ होते. तिला काही न लिहिता लाँचमध्ये बसता आले असते. संध्याकाळपर्यंत ती वडिलांपाशी असती. कदाचित.

एवढ्यात लाँचवाला तिची पिशवी न्यायला वर आला.

“चल गं वादळ. पाणी बघ कसं आहे, तेल ओतल्यासारखं.”

“काका, दहाला काटा चढला नाही.”

“चढेल की. वय झालं त्याचं.”

“चार रेषा उतरलाय.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. “आणि तुझे बाबा?”

ती खडू घेऊन धक्क्यावर उतरली. फळ्यावर तिने धोक्याची सूचना लिहिली, आणि लाँचवाल्याने लाँचला दुसरा दोर बांधला, हे मला नंतरच्या बोलण्यातून कळले. वर आल्यावर तिने फोन लावला. भावाने तो वडिलांच्या कानाशी धरला असावा.

“बाबा, दहाला चढला नाही.” मग, “चार.” मग, “हो, घड्याळ बघून.” बराच वेळ ती नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मग आज येत नाही मी.”

दुपारी वारा सुटला. चारपर्यंत समुद्र उभा राहिला होता आणि माझा काटा कधी नव्हे तो ‘पाऊस’ या शब्दाखाली गेला होता. त्या वेळी लाँच भर पाण्यात असती. टेलिफोनची तार तुटली. तिसऱ्या दिवशी ती जोडली तेव्हा कळले, निरीक्षक पहिल्याच संध्याकाळी गेले होते. जे घडले नाही त्याचे आभार कोण मानणार? लाँचवाला तेवढा वर येऊन तासभर दुसऱ्या खुर्चीशेजारी उभा राहिला. बसला नाही.

तो गेल्यावर ती माझ्यासमोर आली. हातात नोंदवही होती.

“तुझा एकही दिवस चुकला नाही आमचा,” ती हळू म्हणाली. “बाबा गेलं वर्षभर जिन्यात थांबायचे. तू हो पुढे, मी आलोच, म्हणायचे. आणि मी पुढे यायची.”

मला ते थांबणे रोज ऐकू येत होते. आधी एकदा, मग दोनदा, मग चारदा. पण माझ्यापाशी काटा आहे तो फक्त हवेपुरता.

आता नवे यंत्र आपले आपण आकडे पाठवते. मुलीची बदली झाली, खोलीला कुलूप आहे. काचेवर मीठ साचले आहे, पण ते पुसा असे मी म्हणत नाही. मी दहाला चढतो, चारला उतरतो, कुणी ठोकत नाही. मित्रांनो, तुमच्या घरातले माणूस रोज कसे चालते, किती जेवते, जिना किती दमात चढते, हे नुसते येता-जाता पाहत चला. ते ‘तू हो पुढे’ म्हणाले, तर एक दिवस पुढे होऊ नका. त्याच्याजवळ पायरीवर बसा.