परत मागवलेलं यंत्र

तिसरा ठोसा नाकावर बसला आणि राखणदार टेबल-टेनिसच्या टेबलावर उताणा पडला.

"माझा बाप इथंच गेला," वेल्डर त्याची कॉलर पिळत म्हणाला. "आणि तुझं यंत्र मुकं. चार्ज करायला हात झडले होते तुझे?"

सतरा वर्षं या सभागृहाची झाडलोट राखणदाराची, मागच्या खोलीत बिऱ्हाडही त्याचंच. भिंतीवरचा डिफिब्रिलेटर, म्हणजे बंद पडत्या हृदयाला झटका देणारं यंत्र, तो दर सोमवारी बघायचा. हिरवा दिवा दिसला की तक्त्यावर सही. महिन्यापूर्वी वेल्डरचे वडील खेळता खेळता कोसळले. राखणदारानं त्यांच्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या, बटण दाबलं, दाबतच राहिला. झटका आलाच नाही. तेव्हापासून सभागृहाचा सेक्रेटरी जो भेटेल त्याला सांगत होता, "आमच्या माणसाचा हलगर्जीपणा." ऐकून ऐकून राखणदारालाही ते पटत चाललं होतं.

"सोडा त्याला," स्टुलावरचा मेकॅनिक म्हणाला. नवं यंत्र त्यानं नुकतंच भिंतीवर चढवलं होतं, जुनं काखेत होतं. "ह्याला चार्जिंग नसतंच. हे मॉडेल कंपनीनं वर्षापूर्वी परत मागवलंय. दिवा हिरवा, आत मढं. सगळ्यांना पत्रं गेलीत."

वेल्डरची मूठ सैल झाली. "कुठलं पत्र?"

"आलंच नाही," काचेच्या कपाटाशी उभा असलेला सेक्रेटरी म्हणाला. जरा जास्तच लवकर म्हणाला.

राखणदार उठून बसला. बाहीनं नाक पुसलं.

"आलं होतं. पोस्टमनकडे सही मी केली. साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी न फोडताच त्यावर चहाचा कप ठेवला."

सेक्रेटरी त्याच्या कानाशी वाकला. "मागची खोली कुणाच्या मेहेरबानीनं आहे, आठवतंय ना?"

"आठवतंय."

"मग?"

"मग काय साहेब. आलं होतं."

"यंत्राच्या आत सगळी नोंद असते," मेकॅनिक पुटपुटला. "बटण किती वेळा दाबलं तेसुद्धा निघेल."

सेक्रेटरीनं त्याच्या काखेतून यंत्र हिसकावलं आणि फरशीवर आपटायला डोक्यावर उचललं. राखणदारानं झेप घेऊन ते धरलं. सेक्रेटरीनं त्याची बोटं यंत्रासकट भिंतीवर आदळली, एकदा, दोनदा. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. बोटं सुटली नाहीत.

मग वेल्डर सेक्रेटरीवर तुटून पडला. त्याला काचेच्या कपाटावर फेकलं, उचललं, पुन्हा फेकलं, छातीवर गुडघा रोवून गळा आवळला. सेक्रेटरीचे डोळे पांढरे व्हायला लागले.

"सोड," राखणदार म्हणाला. "मेला तर नवं यंत्र पहिल्यांदा ह्यालाच लावावं लागेल."

वेल्डरचे हात सुटले.

मेकॅनिकनं पोलिसांना फोन लावला. राखणदार बाहेर पायरीवर जाऊन बसला, यंत्र मांडीवर घेऊन. मधली दोन बोटं काळीनिळी होऊन वाकडी झाली होती. वेल्डर येऊन शेजारी टेकला.

"काका, किती वेळा दाबलं होतं बटण?"

"मोजलं नाही रे."

"हात दाखवा."

"राहू दे. पोलीस आले की यंत्र त्यांच्या हातात देतो, मग बघू."

आरडाओरडा ऐकून मागच्या दारात आलेल्या राखणदाराच्या बायकोनं सगळं ऐकलं होतं. कुणी काही सांगण्याआधीच तिनं बिऱ्हाड हलवायच्या तयारीनं खोलीबाहेरची कपडे वाळत घालायची दोरी सोडायला घेतली होती.