पूजेत बसवलेला गेम

मी बोलतोय. हातात मावणारा, राखाडी रंगाचा, पोटात पेन्सिल सेल घातले की जागा होणारा व्हिडिओ गेम. तासगावच्या लालासाहेबांच्या घरात मला 'फॉरेनचं यंत्र' म्हणत. त्या घरातल्या वडीलधाऱ्यांबद्दल मला आदर नाही, हे आधीच सांगून टाकतो.

लालासाहेब बेदाण्याचे व्यापारी. त्यांच्या जावयाने मला मस्कतहून आणलं. लालासाहेबांनी मला उलटंपालटं करून पाहिलं, नाकाला लावून वास घेतला आणि शोकेसमध्ये ठेवून कुलूप घातलं. पाहुणे आले की बाहेर काढायचं, "जपानी हाय" म्हणायचं आणि पुन्हा कोंडायचं. खेळायची वस्तू खेळायला असते, एवढंही ज्यांना कळत नाही, ते घरातल्या सगळ्यांच्या आयुष्याचे निर्णय घेतात.

माझ्यात एकच कॅसेट. पडद्यावर चौकटींची जाळी आणि तिच्या कडेला आकडे. आकड्यांवरून कोणती घरं काळी करायची ते विचाराने काढायचं. सगळी बरोबर आली की चित्र उमटतं. चुकलं की घड्याळातला वेळ कापला जातो. म्हणजे अंदाज चालत नाही, आणि या घराचा तर सगळा कारभार अंदाजावर. लालासाहेबांनी एकदा दिसेल ते घर काळं केलं आणि वेळ संपल्यावर मलाच खोटा माल ठरवलं. त्यांचा मुलगा जोतीराम तसाच, फक्त त्याची बोटं जलद.

मला ओळखलं ते त्यांच्या पुतणीने, उमाने. ती सांगलीला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. करत होती. सुटीला आली की लालासाहेबांच्या बायकोकडून, लीलाकाकूंकडून, गोड बोलून शोकेसची किल्ली मिळवायची. आकड्यांकडे टक लावून बसायची, ओठ चावायची, आणि खात्री झाल्यावरच बटण दाबायची. कुणी माझ्याशी इतकं प्रामाणिक वागलं नव्हतं. एकेक करत तिने सगळी चित्रं सोडवली. शेवटचं तेवढं हट्टी निघालं.

लालासाहेबांना हे खुपत होतं. नवरात्रात चार व्यापारी बसलेले असताना त्यांनी मिशीवर हात फिरवत जाहीर केलं, की दसऱ्याला सोनं लुटायच्या आत जो शेवटचं चित्र पुरं करील, त्याचा हा गेम. त्यांच्या मनात अर्थातच जोतीराम होता. उमाने तिथल्या तिथे "चालेल नाना" म्हटलं. तिला मला सांगलीला न्यायचं होतं. मलाही तेच हवं होतं, पण या घरात माझ्याइतकंच तिलाही कुणी विचारत नसे.

मग खंडेनवमी आली. विळे, तराजू, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा. लालासाहेबांच्या डोक्यात आलं, हेही यंत्रच की. मला पाटावर बसवलं, फुलाने पाणी शिंपडलं, पडद्यावर कुंकू टेकवलं आणि बटणांवर ओली हळद अंगठ्याने अशी चोळली, की ती थेट आत उतरली. विजेच्या वस्तूला आंघोळ घालणारी ही माणसं पोरीबाळींना अक्कल शिकवतात.

दुसऱ्या दिवशी सगळे सोनं लुटायला निघायच्या तयारीत असताना उमाने मला उचलायला हात पुढे केला.

"उमे, पुजंतलं हत्यार हाय ते," लालासाहेब गुरकावले. "सोनं लुटूस्तवर हात लावायचा न्हाई."

"पण नाना, चित्र लुटायच्या आत पुरं करायचंय ना?"

"व्हय."

"आणि लुटेपर्यंत हात लावायचा नाही?"

"न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर लाज सोडा, शंकासुद्धा नव्हती. उमाने मला उचललं. लीलाकाकूंच्या हातातलं तबक कलंडता कलंडता राहिलं.

पदराने पडदा पुसून तिने मला सुरू केलं आणि तेव्हा कळलं, की डावा बाण, म्हणजे डावीकडे सरकायचं बटण, मेलाय. हळद आत वाळून घट्ट बसली होती. जोतीराम हसला. उमाने उजवा बाण दाबत, निवडलेलं घर दाखवणारी पडद्यावरची खूण पार कडेपर्यंत नेली. खूण उजवीकडून बाहेर पडली आणि डाव्या कडेने आत आली. प्रत्येक वेळी डावीकडे जायला सगळी जाळी उजवीकडून ओलांडायची! बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता, माझ्यातलं घड्याळ पळत होतं, पण तिने एकही घर अंदाजाने दाबलं नाही. हॉर्न तिसऱ्यांदा वाजला तेव्हा शेवटचं घर काळं झालं आणि पोपट उमटला.

लालासाहेब वाकून बघत राहिले. शब्द तर चारचौघांत दिलेला. शेवटी म्हणाले, "पुजंतनं उचाललंस. बाटलं ते आता. असली वस्तू माझ्या घरात नगं. घिऊन जा तिकडं सांगलीला."

हरायचं कसं, हेही त्यांना धड जमलं नाही. उमा पाया पडली, आणि उठताना हसू दाबायला तिने ओठ चावला.

आता मी सांगलीच्या हॉस्टेलवर उशीखाली असतो. डावा बाण अजून मेलेलाच आहे, पोरी खूण उजवीकडून लांबून फिरवतात, बिस्किटाचा चुरा माझ्यावर सांडतात, एकमेकींच्या हातून हिसकावून घेतात. तासगावात लालासाहेब म्हणे सांगत फिरतात, की पुतणी हुशार, म्हणून आम्हीच कौतुकाने दिला. सांगू देत. माझी एकच विनंती आहे: ते दिवाळीला 'जरा बघायला' मला परत मागवतील, तेव्हा उमा, सरळ नाही म्हण.