लवू परबांची पारख

लवू परब रिटायर झाले आणि दिंडोशीच्या त्यांच्या दोन खोल्यांत बसल्या बसल्या जगातले सगळे आचारी एकेक करून नापास होऊ लागले.

मुलाने, सुबोधने, मुलुंडहून येऊन टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं होतं. त्यावर लवूंना जेवणाचे सिनेमे सापडले, कुठल्या कुठल्या देशांतले. कुणी म्हातारा आचारी रुसलेल्या मुलीला सूप पाजून घरी आणतोय, कुणी विधवा गावात बेकरी काढतेय. दुपारचं जेवण झालं की लवू खुर्चीत बसत, पाय टीपॉयवर टाकत आणि दोन तास नावं ठेवत. खालची अक्षरं वाचायच्या भानगडीत ते पडत नसत. तावात आले की मालवणीवर उतरत. "कांदो कसो कापता बघ. ह्येका आचारी कोणी केल्यान?"

शेजारी दिवाणावर त्यांची बायको वनमाला विणत बसलेली असे. "एवढं वाईट आहे तर बघता कशाला?" ती सुयांवरून नजर न काढता विचारी.

"चूक ती चूक. कुणीतरी सांगायला नको?"

सांगायला समोर टीव्ही होता. त्याला ऐकू येत नव्हतं, हे लवूंच्या सोयीचंच होतं.

अंधेरीच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीच्या कँटीनमध्ये लवूंनी एकतीस वर्षं काढली होती. रोज चारशे माणसांचं जेवण. घरी मात्र एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या हाताने चहासुद्धा केला नाही. "दिवसभर तेच करून येतो," असं ते म्हणत आणि वनमालालाही ते पटे. संध्याकाळी ते ताटावर बसत, आमटीचा पहिला भुरका मारत आणि मान हलवत. "कँटीनमध्ये ही आमटी वाढली असती तर ताटं अंगावर आली असती." लग्नानंतर काही वर्षं तिला रडू यायचं. मग ती विणायला शिकली. लोकर कुणी चाखून बघत नाही.

सिनेमांबद्दल तिचंही मत फारसं बरं नव्हतं. त्यातल्या एकाही बाईला उद्या डब्याला काय द्यायचं हा प्रश्न पडत नसे, आणि जेवणं झाल्यावर भांडी कुठे जात ते कळत नसे. पण तिचं अर्धं लक्ष टाके मोजण्यात असायचं, त्यामुळे सिनेमा तिने कधी धड बघितलाच नव्हता.

फेब्रुवारीत सून दिशाला सातवा महिना लागला. वनमालाने बाळासाठी पिवळ्या लोकरीचं स्वेटर विणायला घेतलं. पाठ विणून झाली, पुढची बाजू अर्ध्यावर आली, आणि एका सकाळी भाजी घेऊन येताना ती नुकत्याच धुतलेल्या जिन्यावरून घसरली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं.

पहिले चार दिवस शेजारच्या क्षमाने डबा दिला. पाचव्या दिवशी डबा परत करताना लवूंनी तिला दारातच सांगितलं, "डाळ बरी होती गो. पण फोडणी कच्ची राहते तुझी. मोहरी तडतडू दे जरा."

क्षमा "बरं काका" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिला ऑफिसचं काम वाढलं. मग लवू पोळीभाजी केंद्रातून आणू लागले. तिथे तिसऱ्या दिवशीच त्यांनी तिथल्या बाईला पोळी कशी लाटायची ते समजावून दिलं, आणि तिने यांना दुसरं दुकान दाखवलं.

"आता उठा," वनमाला म्हणाली. "चारशे माणसं जेवायची तुमच्या हातचं. इथे दोघंच आहोत."

लवू उठले. घरातले टोप बघून म्हणाले की ही खेळण्यातली भांडीकुंडी आहेत. गोरेगावला जाऊन एक टोप घेऊन आले, त्यात नातवाला बारशापर्यंत आंघोळ घालता आली असती. दोन किलो काळे वाटाणे भिजवले. वनमाला स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसली. दोन मुठी मीठ जाताना तिने बघितलं आणि काही बोलली नाही. खाली लागल्याचा वास आला तेव्हा म्हणाली, "आता ढवळा हवं तर. उशीर झालाच आहे."

"गॅस बारीक आहे तुझा."

"माझा गॅस चाळीस वर्षं बारीकच आहे."

तीन दिवस ती उसळ संपेना. चौथ्या दिवशी निलेश आला. कँटीनमध्ये लवूंच्या हाताखाली काम केलेला, चाळिशीचा माणूस. काकींचा हात मोडल्याचं त्याला कुणाकडून तरी कळलं होतं. सफरचंदं घेऊन आत आला आणि लवूंच्या हातातला डाव बघून दारातच थांबला.

"परबसाहेब, तुम्ही आणि गॅससमोर?"

"का रे? बसलास तर चहा देतो," लवू घाईघाईने म्हणाले.

"नाही, म्हणजे मी लागल्यापासून कधी बघितलं नाही ना तुम्हाला." निलेश मोकळेपणाने हसला आणि वनमालाकडे वळला. "साहेब स्टोअर बघायचे. चाव्या, वजनं, ऑर्डरी. झकास सांभाळलं हां पण, तांदळाचा दाणा इकडचा तिकडे नाही."

"तू कधी लागलास?" वनमालाने विचारलं.

"चौदा वर्षं झाली की."

"मग आमटी कोण करायचं तुमच्याकडे?"

"मीच. त्यात काय, काकी, मसाल्याचं तयार पाकीट यायचं. टाकायचं आणि उकळायचं."

"लोक तक्रार नव्हते करत?"

"करायचे ना. कधी कधी पार अंगावर यायचे. साहेब तेवढा वेळ स्टोअरचं दार लावून घ्यायचे." तो पुन्हा हसला. लवूंनी चहा उतू घालवला.

निलेश गेला. लवू ओटा पुसत राहिले, एकच जागा.

"चौदा वर्षं," वनमाला म्हणाली. "तेवढ्यात रामाचा वनवास संपला."

"त्याआधी सतरा वर्षं मीच करायचो."

"मग या चौदा वर्षांत माझ्या आमटीला नावं ठेवलीत ती कुठल्या तोंडाने?"

लवूंनी फडकं पिळलं. "स्टोअरवर साहेब केलं म्हणून हात गेला माझा. पहिल्यांदा बरं वाटलं. मग निलेश लागायच्या जरा आधी एकदा आचारी रजेवर होता, मी भात केला, तो फुकट गेला. सगळ्यांसमोर. त्यानंतर नाहीच. तुला काय सांगणार ते?"

तिला क्षणभर त्यांची दया आली. मग टोपातल्या वाटाण्यांचा वास आला आणि दया गेली.

"मीठ चमच्याने घेतात," ती म्हणाली. "उद्यापासून मी सांगेन तेवढंच घालायचं."

दुसऱ्या दिवसापासून ती स्टुलावर बसून सांगायची आणि लवू करायचे. ती एकही गोष्ट सोडत नव्हती. कांदा जाड झाला, खोबरं काळं पडलं, वाटण वाटलं की नुसतं ओलं केलं? लवू ऐकून घेत. दुपारी सिनेमा लागे, पण ते गप्प बसत. तोंड उघडत आणि मिटत. वनमालाच्या हातात सुया नव्हत्या, म्हणून तिने पहिल्यांदाच सिनेमे नीट बघितले, आणि तिला ते आवडले. एकात एक म्हातारी पाच मिनिटं नुसत्या मटारच्या शेंगा सोलत होती. हिला कसली घाई नाही, पाहुणे यायचे नाहीत, असं वनमालाच्या मनात आलं. पण तिने नजर काढली नाही. "हिचा हात चांगला आहे," ती मुद्दाम मोठ्याने म्हणाली. लवूंनी टीपॉयवरचे पाय खाली घेतले.

स्वेटर तसंच पडलं होतं. एका दुपारी लवूंनी सुया उचलल्या. "त्यात काय आहे? एक सुलट, एक उलट. मी करतो पुरं." तिने करू दिलं. चार ओळींत साठ टाक्यांचे त्र्याहत्तर झाले. वनमालाने ते उजेडात धरून बघितलं. "बाळाला पोट तुमच्यासारखं असेल तर बसेल," ती म्हणाली आणि डाव्या हाताने ओढून त्या चारही ओळी उसवल्या.

सहा आठवड्यांनी मंगळवारी प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी मनगट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "छान जुळलंय. घरातली सगळी कामं करायला हरकत नाही." लवू शेजारच्याच खुर्चीत बसले होते.

घरी आल्यावर वनमालाने चपला काढल्या, दिवाणावर बसली आणि लोकरीची पिशवी पुढे ओढली. लवू स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत होते. "आज तू करतेस ना?"

"डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर फक्त विणकाम," तिने टाके सुईवर घेत सांगितलं. "बोटं मोकळी व्हायला."

लवूंनी तिच्याकडे बघितलं. तिनेही त्यांच्याकडे बघितलं, चांगलं रोखून, आणि ते काही बोलतात का याची वाट बघितली. ते वळले. आत गेले. डब्याचं झाकण वाजलं.

"तांदूळ दोन वाट्या घेऊ की दीड?"

"दीड," वनमाला म्हणाली. "आणि धुऊन घ्या."