मागच्या दाराचा काढा

आमच्या वैद्यशाळेला दोन दारं. पुढच्या दाराने पुरुष आणि गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या येतात. मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने इतर बायका येतात, आणि आधी आजूबाजूला बघून घेतात. मला त्या चेच्ची, म्हणजे थोरली बहीण, म्हणतात. "चेच्ची, लघवीला आग होते गं," हे त्यांनी माझ्या सासऱ्यांसमोर जीव गेला तरी सांगितलं नसतं. बावीस वर्षं ते मी ऐकलं. सासऱ्यांनी शिकवलेला गोखरू आणि चेरूळा नावाच्या रानपाल्याचा काढा मीच करायचे, सोळा वाट्या पाण्याच्या दोन वाट्या होईपर्यंत आटवून. तेवढं एक राज्य माझं होतं.

मग धाकट्या दिराची बायको आली. उत्तरा, आयुर्वेदाची पदवी घेतलेली. स्वभावाने इतकी चांगली की नावं ठेवायला जागा नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

सरसम्मा काजूच्या कारखान्यात टरफलं फोडते, चिकाने हात काळेठिक्कर. चौदा वर्षं ती माझी. वर्षातून दोनतीनदा आग व्हायची, माझा काढा घ्यायची, बरी व्हायची, पुन्हा यायची. आमच्या घरची रीत अशी की ज्या हाताने औषध सुरू झालं त्याच हाताने ते संपवायचं, मध्ये हात बदलायचा नाही. यंदा मीन महिन्यात, उन्हाळा तापू लागला तेव्हा, माझा काढा सुरू असताना चौथ्याच दिवशी ती उत्तरापुढे बसलेली दिसली. मी पळी घेऊन दाराआड उभी राहिले.

"दिवसभरात पाणी किती पितेस?" उत्तरा विचारत होती.

"कारखान्यात कुठलं पाणी, डॉक्टरम्मा! प्यायलं की जावं लागतं. संडास एक, बायका दोनशे, अन् मुकादम घड्याळ बघत उभा."

"म्हणून आवरून धरतेस?"

"सगळ्याच धरतो."

"मग काढा बिचारा एकटा काय करील?"

दोघी खळखळून हसल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा साधा प्रश्न, आणि बावीस वर्षांत मला सुचला नव्हता.

"आणि ऐक," उत्तरा म्हणाली, "थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली दुखलं, तर काढ्याच्या नादी लागू नकोस. सरळ इस्पितळ गाठायचं."

पुढच्या रविवारी उत्तरा लग्नाला गेली होती. दुपारी सरसम्मा मागच्या दारात आली, त्या उन्हात चादर गुंडाळून. दात वाजत होते, एक हात बरगडीखाली.

"डॉक्टरम्मा नाहीत?"

"मी मेले नाही अजून," मी म्हटलं. "बस."

काय सांगायला हवं ते मला पाठ होतं. तरी मी चूल पेटवली. काढा आटायला दोन तास लागले. ती चटईवर कण्हत होती आणि मला, देवाशपथ, बरं वाटत होतं. माझ्या दारात, माझ्या चटईवर होती ती. काढा तिने निमूट प्यायला.

चार वाजता उत्तरा परतली. तिने सरसम्माच्या कपाळाला हात लावला, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही आणि रिक्षा बोलावली. दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं. नऊ दिवस सरसम्मा इस्पितळात होती, आणि नऊ दिवस मला घास गिळवेना.

दहाव्या दिवशी ती केळ्यांचा घड घेऊन आली आणि उत्तरासमोरच तो माझ्या मांडीवर ठेवला.

"इस्पितळात सुया टोचल्या, ते ठीक. पण त्या दिवशी चेच्चीचा काढा पोटात गेला नसता तर मी तिथवर पोचलेच नसते. हिच्या हाताला गुण आहे, डॉक्टरम्मा."

मी उत्तराकडे पाहिलं. खरं काय ते ती बोलली असती तर मी सुटले असते.

"पाणी पीत जा, सरसम्मा," एवढंच म्हणून ती आत गेली.

केळी मी ठेवून घेतली. तिच्या पदवीचा हेवा मी कसाबसा गिळला असता. तिच्या त्या गप्प बसण्याचा अजून गिळवत नाही.