भामाबाईचे डोळे आणि मी

मी शेवगावच्या, पक्षी बघणाऱ्या माळरान मित्रमंडळाची एकुलती एक दुर्बीण बोलतेय. कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतो तो ब्याण्णव सालचा रविवार. मंडळाचे चिटणीस महेंद्र सर हायस्कुलात जीवशास्त्र शिकवायचे. त्यांनी मला गळ्यात अडकवलं आणि पोस्टमन, शिंपी, कंपाउंडर, सगळे माझ्यासाठी रांगेत उभे राहिले. तेव्हापासून मी जरा ताठच झाले.

मग भामाबाई आली. माळावर शेळ्या चारणारी, पन्नाशीची बाई. सर माझं चाक फिरवत असायचे, तोवर ही नुसता कपाळावर हात आडवा धरून सांगायची, "त्या हिवराच्या शेंड्याला ससाणा बसलाय, सर." आणि सर मला खाली करायचे. मला! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा सरांनी मला तिच्या हातात दिलं. ती हसली. "लई जवळ आलं, पर बाकीचा माळ कुठं गेला?" सगळे खो खो हसले. ते हसणं मला फार लागलं.

पंच्याण्णवच्या पावसाळ्यात माळावर झाडं लावायचा घाट घातला गेला. गवताच्या माळाला लोक पडीक म्हणतात. तिथंच दुर्मीळ माळढोक पक्ष्याची मादी अंडं घालते, हे मंडळ घसा फोडून सांगत होतं. ठेकेदार मच्छिंद्र ट्रॅक्टर घेऊन आला. म्हणाला, "अंडं दावा सर, लगीच थांबतो."

सरांनी मला तासभर माळावरून फिरवलं. गवताशिवाय काही दिसेना. भामाबाई म्हणाली, "त्या तरवडाच्या झुडपामागनं मादी दोनदा उठली. तिथंच हाय."

तेव्हा मी मनात म्हटलं, हिचं चुकू दे. एकदा तरी चुकू दे. अंडं चाकाखाली गेलं तरी चालेल. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिचं चुकलं नाही. तरवडामागे उघड्या मातीवर एकच अंडं होतं. मच्छिंद्रनं वाकून ते पाहिलं. मग त्यानं ट्रॅक्टरची किल्ली काढून खिशात टाकली. मंडळाच्या वहीत सरांनी लिहिलं, 'पाहणारी : भामाबाई.' माझा उल्लेखही नाही.

आता अठ्ठ्याण्णव साल आहे. माझ्या डाव्या काचेत बुरशी धरलीय आणि भामाबाईचे डोळे काचबिंदूनं गेलेत. मला आनंद व्हायला हवा होता. गेल्या रविवारी सर तिला हात धरून माळावर घेऊन आले. "ती नळी द्या जरा," ती म्हणाली. ज्या डोळ्यांवर मी इतकी वर्षं जळले, ते माझ्या काचांना टेकले. मी जीव तोडून माळ जवळ ओढला.

"न्हाई दिसत," तिनं मला हळूच परत दिलं. मग एकदम मान वळवली. "सर, डाव्या अंगाला बघा. नर घुमतोय."

सरांनी मला तिकडे वळवलं. माळढोकाचा नर होता, गळा फुगवून उभा.

आता मला तिच्या कानांचा हेवा वाटतो. स्वभावाला औषध नाही. पण एक विनंती आहे. माळावर कधी मला डोळ्यांना लावलंत, तर आधी भामाबाईला विचारा, कुठं बघू म्हणून.